कायद्याची विद्या आणि देसाईगंजचे ठाणे

नागपुरास किंवा पुण्यास कायद्याच्या कॉलेजात मोठे व्याख्यान झाले, ठिकठिकाणचे पंडित जमले, इंग्रजीत निबंध वाचले गेले, हारतुरे झाले आणि चहाफराळ होऊन मंडळी पांगली, म्हणजे आलापल्लीच्या कास्तकाराच्या बांधीत पाणी चढते काय, असा सवाल आमचे वाचक आम्हांस करतील. सवाल रास्त आहे. लोहाराच्या भात्याला, सुताराच्या वाकसाला, बुरडाच्या सुपाला ह्या विद्वत्तेचा उपयोग कोणता? ज्याला रोहिणीपूर्वी धुऱ्याची डागडुजी करावयाची आहे आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात चार पैसे गाठीला बांधावयाचे आहेत, त्याने शहरातल्या सभागृहाकडे कशाला पाहावे? ‘काही उपयोग नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. कायद्याची विद्या जेव्हा दिवाणखाना सोडून गरिबाच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा तिने सबंध देशाचा कायदा बदलला. आणि ज्या प्रकरणावरून तो बदलला ते प्रकरण लंडनचे नव्हे, दिल्लीचेही नव्हे, ते आपल्याच जिल्ह्यातले आहे. देशातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांस ते शिकविले जाते. आमच्या पोरांस मात्र ते कोणी सांगत नाही. म्हणून आज ते येथे मांडण्याचे योजिले आहे.

आपला गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चंद्रपुरात मोडत असे. आलापल्ली ह्या जिल्ह्याच्या दक्षिणेस, तर देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो, ते अगदी उत्तरेच्या टोकास. १९७२ सालच्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीस आणले गेले होते. वय चौदा ते सोळा. आईबाप नाहीत, भावाजवळ राहणारी, दुसऱ्याच्या घरी मोलमजुरी करणारी. लग्नावरून घरात वाद झाला आणि भावाने ठाण्यात फिर्याद दिली, म्हणून सर्वांचे जबाब घेण्यात आले. जबाब संपले, मंडळी घरी निघाली. पण मुलीला तेवढे मागे थांबविण्यात आले. तिचे लोक बाहेर उभे. आत दिवे मालवले गेले, दार आतून लागले. पुढे जे झाले त्याबद्दल मुलीने ठाण्यातील दोन पोलिसांवर आरोप केला. लोक जमले, गलका झाला, तेव्हा कोठे तिची तक्रार लिहून घेतली गेली. त्या मुलीचे नाव आम्ही छापीत नाही. अशा प्रकरणातील स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा आज गुन्हा आहे; आणि तो गुन्हा ठरविणारा कायदा ह्याच मुलीच्या प्रकरणानंतर झाला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खटल्याची वाट पाहा कशी वाकडी गेली. १९७४ साली चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टाने दोघांनाही सोडून दिले. मुलीलाच खोटारडी ठरविले, तिच्या चालचलणुकीवर ताशेरे मारले, आणि जे झाले ते तिच्या संमतीने झाले असे म्हटले. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. हायकोर्टाचे म्हणणे आमच्या अडाणी आयाबहिणींसही पटेल असे होते: भीतीने गप्प बसणे वेगळे आणि राजीखुशीने हो म्हणणे वेगळे. ज्यांच्या हाती ठाण्याची सत्ता आहे, अशा दोन अनोळखी माणसांपुढे पोरगी निमूट झाली म्हणजे ती राजी झाली असे होत नाही. सबब एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची सजा झाली. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाचा निकाल रद्द केला. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याची खूण नाही, ओरडल्याचा पुरावा पटण्याजोगा नाही, तेव्हा संमती नव्हती हे सिद्ध झाले नाही, असा त्या निकालाचा सारांश. दोघेही निर्दोष सुटले.

आता खेड्यातला माणूस काय म्हणतो? ‘संपले. मोठ्या कोर्टाने सांगितले, त्यापुढे बोलायचे कोणी?’ पाटलाच्या वाड्यापुढे बोलायचे नाही, फॉरेस्टच्या साहेबापुढे बोलायचे नाही, ठाण्यापुढे तर नाहीच नाही, ही सवय आमच्या हाडीमाशी पिढ्यान्पिढ्या खिळली आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणजे तर साक्षात आकाशच. त्या आकाशाकडे बोट दाखवून ‘हे चुकले आहे’ असे म्हणणारे चार जण मात्र निघाले, आणि ते चारही जण कायदा शिकविणारे शिक्षक होते. दिल्ली विद्यापीठाचे उपेन्द्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. ह्या चौघांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी देशाच्या सरन्यायाधीशांस एक उघडे पत्र लिहिले.

त्या पत्रात शिवीगाळ नव्हती, रडारडही नव्हती. चांगला मास्तर मुलाच्या पाटीवरील चुकलेले गणित जसे पायरीपायरीने दाखवितो, तसे त्या निकालातले चुकलेले गणित त्यांनी दाखविले. कायद्यात संमती हा एक शब्द आहे आणि शरण जाणे हा दुसरा. प्रत्येक संमतीत शरण जाणे असेल, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती नसते. ह्या मुलीच्या बाबतीत पुराव्याने फार तर ती शरण गेली एवढेच दिसते. संमती कोठे दिसते? रात्रीच्या वेळी ठाण्यात कोंडलेल्या कोवळ्या पोरीने दोन पोलिसांच्या तावडीतून आरोळी मारून सुटावे, अशी अपेक्षा देशाचे सर्वोच्च न्यायालय बाळगते काय? मुळात रात्री तिला ठाण्यात ठेवलेच का, दार का लावले, दिवे का मालवले, ह्याविषयी न्यायालयाने एक अक्षर का विचारले नाही? गरीब आदिवासी मुलीचे अज्ञान, तिचे वय, तिला वकील नसणे, आणि गरिबाच्या मनात ठाण्याची जी धास्ती असते ती, ह्यांतले काहीच तराजूत कसे पडले नाही? आणि बायकांस जबाबासाठी ठाण्यात बोलावू नये, असे ह्याच न्यायालयाने १९७८ सालीच नंदिनी सत्पथी ह्यांच्या खटल्यात सांगितले होते. सत्पथीबाई ओरिसाच्या मुख्यमंत्री होऊन गेलेल्या. मुख्यमंत्रीण झालेल्या बाईला जो आडोसा मिळतो तो मजूर पोरीला का मिळू नये, ह्या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नव्हते.

पत्र पोस्टात पडले एवढ्यावर ते थांबले असते, तर आम्ही आज त्याविषयी लिहिले नसते. पत्र हातोहात फिरले, वर्तमानपत्रांत आले, बायकांच्या मंडळांनी ते वाचले. १९८० सालच्या ८ मार्चला शहरोशहरी बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईस ह्याच प्रश्नावर बायकांनी मंच उभारला. सरकारने विषय विधी आयोगाकडे दिला. आयोगाने १९८० सालीच आपला ८४ वा अहवाल सादर केला. आणि १९८३ सालच्या डिसेंबरात फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. तीन गोष्टी त्यात आल्या. पोलिसाने ताब्यातील स्त्रीवर असा अत्याचार केला तर किमान दहा वर्षांची सजा. असा खटला चालताना, आरोपीने संबंध ठेवले हे सिद्ध झाले आणि स्त्रीने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरून चालावे. उलट सिद्ध करण्याचे ओझे आरोपीच्या खांद्यावर. आणि तिसरी, नाव न छापण्याची. पुढे २०१३ साली आणखी दुरुस्ती होऊन स्पष्टच लिहिले गेले की स्त्रीने अंगाने झटापट केली नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. म्हणजे जे वाक्य नागपूर खंडपीठाला १९७६ साली समजले होते आणि चार मास्तरांनी १९७९ साली कागदावर मांडले होते, ते कायद्याच्या पुस्तकात उतरावयास २०१३ साल उजाडले. धानाचे पीक चार महिन्यांत हाती येते; न्यायाच्या पिकाला हा असा काळ लागतो.

परंतु ज्या पोरीमुळे हे सारे झाले तिला काय मिळाले? काही नाही. सुटलेले सुटलेलेच राहिले. सारा देश तिचे नाव घेऊन मोर्चे काढीत होता, आणि ती मात्र आपल्याच मुलुखात मजुरी करीत राहिली. येथे कायद्याच्या पंडितांनी जरा थांबून विचार करावा. ज्याच्या दुःखावर ग्रंथ लिहिले गेले त्याच्या दारात त्या ग्रंथाचे एक पानही पोहोचले नाही, हे त्या विद्येचे उणे आहे. पत्र लिहिणाऱ्या चौघांस आम्ही ह्याचा दोष देत नाही. उलट त्यांतल्या वसुधा धागमवारांनी पुढे १९८५ साली दिल्लीत ‘मार्ग’ नावाची संस्था काढून, कायदा साध्या बोलीत सांगणारी पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि आदिवासींना कायद्याचा काय अनुभव येतो ह्यावर २००६ साली ग्रंथ लिहिला. उपेन्द्र बक्षी आणि लोतिका सरकार ह्यांनी १९८१ साली आग्र्याच्या स्त्रियांच्या संरक्षणगृहातील हालाविषयी न्यायालयास पत्र लिहिले, आणि ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले गेले. दोष आहे तो त्यांच्यामागून आलेल्या रीतीचा.

ती रीत आज कशी आहे ती पाहा. कायद्याच्या शिक्षणाला आज तोटा नाही. मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज १८५५ सालापासून आहे. त्याच कॉलेजाच्या प्राचार्यपदी १९३५ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बसले, ही गोष्ट आमच्या पोरांनी विसरू नये. ज्यांस पूर्वी शाळेच्या वर्गाबाहेर बसवीत, त्यांच्यातलाच एक जण कायद्याच्या विद्येच्या गादीवर बसला. पुण्याचे आय. एल. एस. कॉलेज १९२४ चे. नागपुरास राष्ट्रीय विधी विद्यापीठ झाले आहे, चंद्रपुरासही कायद्याचे कॉलेज आहे. तेथे परिसंवाद होतात, संविधान दिन साजरा होतो, लटके खटले चालवून विद्यार्थी एकमेकांवर युक्तिवादाचे दांडपट्टे फिरवितात. आदिवासी, जंगल, शेतजमीन, विस्थापन ह्यांवर निबंधही पुष्कळ लिहिले जातात. पण त्या निबंधांची भाषा इंग्रजी. छापणारी मासिके इंग्रजी. वाचणारे दुसरे निबंध लिहिणारे. हे लोक आमच्याविषयी लिहितात, आम्हांस लिहीत नाहीत. आम्ही त्यांच्या विद्येचा विषय आहोत, वाचक नाही. पूर्वी विद्या सोवळ्यात होती, शिवले तर बाटत असे. आज तिने सोवळे टाकले आणि इंग्रजीचा कोट चढविला. आमच्यापासून अंतर तेवढेच राहिले.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिरावयाचे तर एक परीक्षा द्यावी लागते. ती इंग्रजीत. आम्ही खेड्यातले मास्तर, मराठी अध्यापक विद्यालयात शिकलो, मराठीत शिकवितो. आमच्या वर्गात घरी माडिया बोलणारी पोरे आहेत, तेलुगू बोलणारी आहेत. मराठी हीच त्यांची दुसरी-तिसरी भाषा. त्यांना इंग्रजीच्या कुंपणावरून उडी मारून कायद्याच्या शेतात उतरा म्हणणे म्हणजे ज्याला नांगर दिला नाही त्याला ‘तुझे रान पडीक का’ म्हणून विचारणे होय. बुद्धी कमी नाही. ज्या पोराला जंगलातल्या शंभर झाडांची नावे, त्यांचा मोसम आणि उपयोग तोंडपाठ आहे, त्याला कायद्याची कलमे जड जाणार नाहीत. जड जाते ती परकी वाणी.

आता आमच्याच लोकांस दोन शब्द. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी म्हण आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. ही म्हण कोणाच्या सोयीची आहे ह्याचा विचार करा. ज्याच्या पाठीशी पैसा, नाते आणि साहेब आहे त्याचे कोर्टावाचून भागते. ज्याच्या पाठीशी काहीच नाही त्याने पायरी चढावयाची नाही, तर जावयाचे कोठे? कोर्ट टाळणे हा शहाणपणा नव्हे. कोर्टात अडाण्यासारखे जाणे हा मूर्खपणा आहे, आणि त्यावर औषध आहे ते कायद्याचे ज्ञान. गावात एखाद्या पोरीवर अत्याचार झाला की पंच बसतात, दंड ठरतो, कोंबडे-बकरे होते, आणि ‘घराची अब्रू राहिली’ म्हणून सारे घरोघर जातात. अब्रू कोणाची राहिली? करणाऱ्याची. पोरीच्या अंगावरचे दुःख तसेच राहिले आणि करणाऱ्याला समजले की गुन्ह्याला बकऱ्याची किंमत पुरते. असे पंच आपल्या जातीचे आहेत म्हणून त्यांचा न्याय आपला होत नाही.

मग आमच्या घरात निदान काय ठाऊक असावे? १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या वेळचा दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन नवे कायदे लागू झाले आहेत. कलमांचे आकडे बदलले. पण देसाईगंजच्या प्रकरणातून मिळालेले संरक्षण त्यांत कायम आहे. पाच गोष्टी आम्ही येथे सोप्या करून सांगतो, त्या रात्री कंदिलाजवळ नाही तर विजेच्या दिव्याखाली, घरच्या बायामाणसांना वाचून दाखवाव्यात.

पहिली: साक्षीदार म्हणून जबाब द्यावयाचा असेल तर बाईला, पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील माणसाला, अपंगाला किंवा फार आजाऱ्याला ठाण्यात या असा हुकूम करता येत नाही, जबाब त्यांच्या राहत्या ठिकाणी येऊन घ्यावा लागतो. दुसरी: गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, ‘आमची हद्द नव्हे’ म्हणून परत पाठविता येत नाही, आणि लिहून घेतलेल्या खबरेची नक्कल फुकट मिळते. अत्याचार झालेल्या बाईची खबर बाई अंमलदारानेच लिहून घ्यावयाची असते. आणि अशी खबर घेण्यास जो अंमलदार नकार देतो त्याला स्वतःलाच सजा आहे. तिसरी: अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याने संमतीचा प्रश्नच उरत नाही. देसाईगंजची ती मुलगी आज असती, तर ‘ती राजी होती’ हा बचाव कोर्टाच्या दारातच अडला असता. चौथी: पकडलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते; आणि बाईला सूर्य मावळल्यावर व उगवण्यापूर्वी पकडता येत नाही, अपवाद असलाच तर तो मॅजिस्ट्रेटच्या आगाऊ परवानगीने आणि बाई अंमलदाराच्या हातूनच. पाचवी: वकील करावयास पैसे नाहीत म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येकाला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर फोन करता येतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि पिठाच्या गिरणीच्या दारावर खडूने लिहावा.

कायदा शिकणे हे फक्त कॉलेजातच होते असेही कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे गाव आहे. तेथील लोकांनी अभ्यासगट करून, रात्री बसून, एकेक कायदा समजून घेतला. मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारख्या माणसाने सोबत केली, देवाजी तोफा ह्यांच्यासारख्या गावकऱ्यांनी ते ज्ञान गावाच्या व्यवहारात आणले. २००६ साली वनहक्क कायदा झाला तेव्हा हे गाव तयार बसले होते. म्हणून २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव लागले. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबूच्या वाहतुकीचा पास फॉरेस्ट खाते देईना. खाते म्हणे बांबू हा आमचा, गाव म्हणे कायद्यात बांबू हे गौण वनोपज म्हणून लिहिले आहे, पुस्तक उघडून पाहा. २०११ च्या एप्रिलात केंद्राचे मंत्री खुद्द मेंढ्यास आले आणि पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. हे यश काठीने मिळाले नाही, लाचेने मिळाले नाही; कायद्याचे वाक्य नीट वाचल्याने मिळाले. आमच्या मते हे गाव म्हणजे फी न घेणारे कायद्याचे कॉलेजच होय. सागवानाच्या ह्या मुलुखात, जेथे आजही जळाऊ लाकडाची मोळी आणताना बाईचे काळीज नाक्यापाशी धडधडते, तेथे असे एक कॉलेज प्रत्येक ग्रामसभेत का नसावे?

म्हणून कायद्याच्या कॉलेजांस, त्यांच्या प्राध्यापकांस आणि विद्यार्थ्यांस आमची उघड विनंती आहे, आणि विनंती ऐकली नाही तर ती मागणी समजावी. एक, वर्षातून निदान काही सभा शहरातल्या सभागृहात न भरवता अहेरी, सिरोंचा, भामरागड, धानोरा, वडसा अशा ठिकाणी बाजाराच्या दिवशी भरवा. आलापल्लीहून नागपुरास जावयाचे तर आमचा सबंध दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. तुम्ही या, तुमची मजुरी बुडत नाही. दोन, बोलणे मराठीत करा आणि जेथे लोक गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलतात तेथे दुभाषी बसवा. खालच्या कोर्टांचे काम मराठीत चालते, सर्वोच्च न्यायालयाचे निकालही आता मराठीत भाषांतर होऊन निघू लागले आहेत. मग विद्वानांच्या निबंधाचा चार पानी मराठी सारांश निघण्यास काय हरकत? तीन, लटके खटले खुशाल चालवा, पण त्याबरोबर खरेही हाताळा. कॉलेजांत विधी सेवा केंद्रे चालावीत अशी तरतूद त्या १९८७ च्या कायद्यातच आहे. ती केंद्रे कागदावर न राहता जंगलभागातील गावे त्यांना वाटून द्यावीत. ज्या विद्यार्थ्याने एका विधवेचा सातबारा दुरुस्त करून दिला, एका मजुराची बुडालेली मजुरी वसूल करून दिली, त्याने शंभर निबंधांचे पुण्य जोडले असे आम्ही समजू. चार, ज्या गावावर निबंध लिहिला त्या गावात येऊन तो वाचून दाखवावा. गावाला तो पटला नाही तर गावाचे म्हणणे शेवटी जोडावे.

आणि आईबापांस आमचे सांगणे असे की पोरगा किंवा पोरगी बारावी झाली की पोलीस भरती नाही तर आमच्यासारखी मास्तरकी, एवढ्यावरच नजर थांबवू नका. दोन्ही कामे चांगली आहेत; पण गावाला आता आपला वकील पाहिजे. बाहेरचा वकील आपली भाषा जाणत नाही, आपली भीती जाणत नाही. देसाईगंजच्या मुलीची भीती जर तिच्या भाषेत कोर्टापुढे कोणी मांडली असती, तर निकाल निराळा लागला असता की नाही हे सांगता येत नाही. पण ती भीती काय असते हे कोर्टाला विचारावे तरी लागले असते. विशेषतः पोरींना ह्या विद्येकडे वळवा. लोतिका सरकार ह्या केंब्रिजमधून कायद्याची डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री होत्या, आणि ती सारी विद्वत्ता त्यांनी एका खेडवळ अनाथ पोरीच्या बाजूने खर्ची घातली. विद्येचा ह्याहून चांगला खर्च आम्हांस ठाऊक नाही.

चार मास्तरांनी एक पत्र लिहिले आणि देशाचा कायदा हलला. मास्तर आमच्याही तालुक्यात शेकड्यांनी आहेत, आणि कागद-लेखणी त्यांच्याजवळ आहे. ज्या दिवशी ठाण्यात, नाक्यावर किंवा कचेरीत झालेला अन्याय तारीखवार, नावनिशीवार आणि कलमासह लिहून काढण्याची हिंमत प्रत्येक गावात एकाला तरी येईल, त्या दिवशी कायद्याची विद्या खऱ्या अर्थाने आलापल्लीस पोहोचली असे आम्ही म्हणू. तोपर्यंत शहरातल्या सभागृहातील टाळ्या आमच्या कानांवर आल्या काय आणि न आल्या काय, सारखेच.